योना अजून पोटातच आहे

या, अशा जवळ येऊन बसा. आभाळ भरून आलंय, दाराशी बसाल तर झड लागेल. सांगायची आहे ती प्रेमाची गोष्ट, पण फार हसवणारी नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिच्यात एक देवमासा आहे, त्याची डोळ्यांना जेमतेम दिसणारी बीजं आहेत, एक पखवाज आहे आणि खुंटीला टांगलेला एक हार आहे. समुद्र मात्र नाही. समुद्र आपल्या दौंडपासून कुठच्या कुठं, घाटापलीकडं. तरी तो एकदा इथवर आला होता... ऐका.

केंदूरच्या सत्यजीतनं कृपाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती हवेत लाकडी पट्टी हलवत होती.

भाद्रपद सरत आला होता. दोन दिवस पाऊस नुसता रेंगाळत होता, धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. सत्यजीतनं कुरकुंभहून द्रव नायट्रोजनचा कंटेनर भरून आणला होता. दौंडच्या बाहेर म्हशींच्या बीजांडांची एक प्रयोगशाळा आहे. चांगल्या दुधाळ म्हशींची कच्ची बीजं काढायची, काचेच्या ताटलीत ऊब देऊन पिकवायची आणि नायट्रोजनच्या भयंकर थंडीत गोठवून ठेवायची, असं तिथलं काम. नेहमीचा ड्रायव्हर गावी गेलेला, म्हणून गावोगावच्या गुरांच्या दवाखान्यांना नायट्रोजन पोचवणाऱ्या सत्यजीतची ओम्नी तिकडं वळली. एवढाच योग.

पांढऱ्या कोटातल्या त्या मुलीनं पट्टी कंटेनरात बुडवली, बाहेर काढली आणि आरतीसारखी सावकाश हलवली. पट्टीवर पांढरं दव धरत गेलं.

"काय करताय?" त्यानं विचारलं.

"मोजतेय. दव धरलं तिथपर्यंत माल. तुम्ही कमी आणलाय."

"वाटंत उडाला असंल. त्याचा सोभावच तसा हाय."

"झाकण नीट लावलं नसेल तुम्ही."

"ह्याला घट्ट झाकण चालत न्हाई, मॅडम. कोंडला तर फुटतो."

"मला शिकवताय?"

"न्हाई... माझं सांगतोय."

तिनं वर बघितलं. कपाळावर आलेली एक ओली बट, आणि डोळ्यांत हसू होतं की राग, ते त्याला कळलं नाही. कळेपर्यंत ती आत गेलेली. तो मात्र रिकामा कंटेनर उचलायचा विसरून तिथंच उभा. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. एकच ओळ, परत परत, त्याच संथ चालीत—

*खोल खोल पाण्याखाली काळोखाचं घर,*
*तिथंही येतो ऐकू बापा, तुझा एक स्वर...*

सत्यजीतची बोटं आपोआप ओम्नीच्या पत्र्यावर पडायला लागली. लहानपणापासून गावातल्या सप्त्यात पखवाजावर बसलेला तो. आतली ओळ थांबली आणि दार उघडलं.

"कोण वाजवतंय?"

"तुमी समेवर येत न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्या ओळीला घाई करताय."

"हे गाणं नाही. घड्याळ आहे."

"आँ?"

मग तिनं दारातच उभं राहून समजावलं. बीज गोठवायच्या आधी एका औषधात ठेवतात. ते औषध बीजातलं पाणी ओढून घेतं. कमी वेळ ठेवलं तर आत बर्फाचे काटे होऊन बीज फाटतं, जास्त ठेवलं तर तेच औषध विष होतं. दोन्ही हात कामात, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले, मग वेळ बघायची कशानं? पप्पांचं पद एकदा पुरं म्हटलं की वेळ भरते. शेवटच्या 'स्वर'ला बीज काडीवर घेऊन नायट्रोजनात बुडवायचं.

"म्हंजी समेवर बुडवायचं. तेच तर म्हनत व्हतो मी," सत्यजीत म्हणाला. "आन् पप्पा कोण तुमचे?"

"शिरूरचे बन्यामीन बुवा. कीर्तन करतात, आमच्या चर्चमध्ये."

"तुमच्यात बी कीर्तन असतंय?"

"असतंय तर. पेटी असते, टाळ असतात, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं असतं. बुक्का तेवढा नसतो." आणि मग मिस्कीलपणे, "सध्या मृदंग वाजवणाराही नाही. तो गेला पिंपरीला नोकरीला. तुम्हाला समेची एवढी काळजी आहे, तर या की एकदा."

सत्यजीतनं मान हलवली. पट्टी हलवावी तशीच, सावकाश.

त्यानंतर नेहमीचा ड्रायव्हर गावाहून परतला तरी दौंडची फेरी सत्यजीतनं सोडली नाही. कृपा आठवडाभर दौंडला खोली घेऊन राही आणि शनिवारी शिरूरला घरी जाई. त्याचा परतीचा रस्ताही तोच. मागं कंटेनर असले की गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर नायट्रोजनचा वायू आतच साठतो आणि माणूस गुदमरतो. त्यामुळं पाऊस दोघांच्याही अंगावर येई. तिची डावी बाही भिजे, त्याची उजवी. मधल्या कोरड्या जागेत दोघं बोलत.

"केंदूरला घरी काय सांगता, शनिवारी उशीर का होतो ते?"

"सांगतो की, रस्ता खराब हाय."

"आणि रस्ता केला म्हणजे?"

"मग... दुसरं कायतरी बिघडंल."

ती खिडकीकडं तोंड करून हसली. त्याला आरशात दिसलं.

पण घरच्यांना रस्ता ठाऊक होता. सर्जेराव, सत्यजीतचे वडील, सोसायटीचे चेअरमन, गावात मान असलेले. एकदा जेवता जेवता ते खाली बघूनच म्हणाले, "चर्चमधी वाजवायला जातूस म्हनं. जा. कीर्तन देवाचंच हाय. पर वाजवून झालं की पखवाज उचलून घरी यायचं. तिथलं दुसरं काय उचलायचं न्हाई." ताटातली भाकरी सत्यजीतनं संपवली. चव मात्र लागली नाही.

सुगीच्या सणाला शिरूरच्या चर्चच्या आवारात बुवांचं कीर्तन ठरलं. आख्यान योनाचं. देवानं सांगितलेल्या गावी जायचं टाळून योना उलट्या दिशेच्या गलबतात बसतो, वादळ होतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात आणि एक महामत्स्य त्याला गिळतो. बन्यामीन बुवा असे रंगले की मांडवातल्या कंदिलांवरची पाखरंसुद्धा ऐकत असावीत. सत्यजीतचा पखवाज वादळात घुमला, माशाच्या जबड्याशी थबकला. कृपा टाळ धरून उभी होती. टाळ वाजायचे थांबले तरी तिची नजर त्याच्या बोटांवरच होती.

योना पोटात गेला आणि बुवांनी मध्यंतर केलं; तीन दिवसांनी मासा त्याला जिवंत किनाऱ्यावर सोडतो, ती कथा उत्तररंगाची. गळ्यात झेंडूचा हार पडला. मग उत्तररंगाला बुवा उठले, हात वर केला, तोंड उघडलं... आणि आवाज आला नाही.

लोकांना वाटलं, बुवा मुद्दाम थांबलेत. माशाच्या पोटातली शांतता दाखवताहेत. सत्यजीतनं हलकेच ठेका धरून वाट मोकळी केली. एकदा, दोनदा. बुवांचे ओठ हलले, घशातून नुसती खरखर आली. मग त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

बुवांच्या घराण्याची एक रीत होती. आख्यान पुरं झालं की हार वेदीपाशी वाहायचा. पण काही कारणानं अर्धं राहिलं, तर हार घरी नेऊन खुंटीला लावायचा आणि उरलेली कथा सांगून होईतो काढायचा नाही. त्या संध्याकाळी कृपानं तो हार खुंटीला लावला. आठवड्याभरात झेंडू काळा पडला. पुण्याच्या दवाखान्यात बुवांच्या घशातली गाठ काढली. आवाज येईल की नाही, डॉक्टर म्हणाले, बघू.

आणि त्याच दिवसांत कोकणच्या किनाऱ्याला तो देवमासा लागला.

मादी होती. गावकऱ्यांनी तिला ओल्या चादरी पांघरल्या, होड्या लावून पाण्यात ओढली, पण ती पुन्हा पुन्हा वाळूवरच आली. शेवटी गेली. वनखात्याच्या परवानगीनं तिचं अंडाशय काढलं गेलं. मासा मेला तरी आतली कच्ची बीजं लगेच मरत नाहीत. परदेशात उत्तरेकडच्या समुद्राकाठी देवमाशांवर काम करणारी एक प्रयोगशाळा होती, तिला ती हवी होती. पण तिथवर जाईतो ती टिकली नसती. जवळपास कच्ची बीजं पिकवून गोठवणारे हात कुठं? तर म्हशींच्या कामातले, दौंडला. एका मोठ्या थर्मासात घाट चढून समुद्र आला तो असा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख नीलम मॅडम, खणखणीत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कृपा, ही पिकली आणि नीट गोठली, तर तिकडचे लोक गोठवणाऱ्यालाच बोलावताहेत. तीन वर्षं. तुझं नाव कळवलंय मी. आता नाही म्हणू नकोस, माझी अब्रू जाईल."

म्हशीचं बीज एका दिवसात पिकतं. देवमाशाचं किती दिवसांत, कुणालाच खात्रीनं सांगता येईना. कृपा उबदार पेटीपाशी बसून राही. ताटलीतल्या त्या चिमुकल्या गोलांभोवतीच्या पेशी हळूहळू फुलत होत्या.

चहाच्या टपरीवर तिनं सत्यजीतला सांगितलं. पत्र्यावर पाऊस टपटपत होता.

"जा की," तो म्हणाला.

"इतक्या पटकन?"

"मग काय म्हनू?"

"काहीतरी... वेगळं."

त्यानं कप उचलला, खाली ठेवला. "बुवांची काळजी करू नको. मी हाय."

"पप्पांचं नव्हते विचारत मी," ती म्हणाली आणि कोटाच्या खिशात हात घालून पावसातच निघून गेली.

बीजं पिकली. पिकलेलं बीज फार वेळ थांबत नाही, त्या संध्याकाळीच गोठवायला हवं. आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या टाकीला बाहेरून घाम फुटला. टाकीचं आवरण गेलं की असा घाम फुटतो, आतला नायट्रोजन बघता बघता उडून जातो. कुरकुंभचा प्लांट तेव्हा दुरुस्तीसाठी बंद. नीलम मॅडमचा फोन केंदूरला आला.

सत्यजीतनं कोरेगाव भीमाला एका गॅसवाल्याकडून एक कंटेनर मिळवला. माल मागं ठेवला, काचा खाली केल्या आणि निघाला. न्हावऱ्याच्या पुढं पाऊस वाढला. एका झाडाखाली त्यानं गाडी थांबवली.

नाही मिळाला म्हणालो तर? कुणी बोट दाखवणार नाही. प्लांट बंद आहे, पाऊस आहे, रस्ता असा आहे. काही वाईट करायचंच नाही, नुसतं इथं बसून राहायचं. बीजं आपली आपण वेळ ओलांडतील, ती जाणार नाही. शनिवारी पुन्हा तिची डावी बाही भिजेल... मागं कंटेनराच्या सैल झाकणातून धुराची एक रेघ बाहेर येत होती, त्याच्या मानेला गार लागत होती. कुणीतरी मागून फुंकर घालावी तशी.

त्यानं देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि किल्ली फिरवली.

तो पोचला तेव्हा कृपा दारात उभी नव्हती. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली, चेहरा राखेसारखा. नीलम मॅडम कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आत्ताच दवाखान्यातून फोन आला. बुवांचा आवाज आता येणार नाही म्हणे. कायमचा."

नायट्रोजन डब्यात ओतला. पांढरा धूर टेबलावरून जमिनीवर सांडला. कृपानं पहिलं बीज नळीत घेतलं, औषधात सोडलं आणि पद म्हणायला ओठ उघडले. 'खोल...' एवढंच आलं. बापाच्या गळ्यातून गेलेले शब्द लेकीच्या गळ्यातून कसे निघावेत?

"थांब, मी मोबाइलवर सेकंद मोजते," नीलम मॅडम म्हणाल्या आणि मोजू लागल्या. पण कृपाचे हात आकड्यांना ओळखतच नव्हते. काडी उचलायला उशीर झाला. बीज सुकल्या मनुक्यासारखं आकसलं.

"गेलं," ती म्हणाली.

सत्यजीत दाराशी उभा होता. त्यानं बाजूचं थर्माकोलचं रिकामं खोकं ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर बोटं टाकली. हलका, संथ ठेका. आणि त्यावर त्याच्या जाडसर, गावरान आवाजात—

*खोल खोल पाण्याखाली काळोखाचं घर...*

कृपानं मान वळवली नाही. पण तिचे खांदे खाली आले. तिनं दुसरं बीज घेतलं.

*तिथंही येतो ऐकू बापा, तुझा एक स्वर...*

'स्वर'वर थाप पडली, काडी नायट्रोजनात बुडाली, चर्र झालं. बीज गोठलं. नीलम मॅडमनी नुसता अंगठा वर केला.

तो म्हणत राहिला. दर वेळी सारखंच, ना घाई, ना रेंगाळ. त्याला पुरतं ठाऊक होतं, प्रत्येक समेला तो तिला थोडं थोडं दूर पाठवतोय. ताटलीतली बीजं कमी होत गेली. एका ओळीला त्याचा आवाज चिरकला, पण ठेका चुकला नाही. शेवटचं बीज उरलं, तेव्हा दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज येऊन मिळाला. बारीक, ओला. कृपाचा. दोघं मिळून समेवर आले.

काम संपल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आला नसतात, तरी चाललं असतं ना तुम्हाला?"

"न्हावऱ्यापाशी थांबलो व्हतो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

"मग?"

"मागनं गार वारं लागलं... निघालो."

निघायच्या दिवशी शिरूरला बुवांच्या अंगणात गाडी उभी होती. आभाळ तसंच, शिसवी. बुवांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं, म्हणून बराच वेळ ठेवला. सत्यजीतनं बॅग गाडीत ठेवली आणि तिथंच उभा राहिला, नायट्रोजन पोचवल्यावर सहीसाठी उभा राहायचा तसा.

"विचार ना काहीतरी," कृपा म्हणाली. 'तुम्ही' कुठंतरी गळून पडलं होतं.

"थांब म्हनलो तर थांबशील?"

"हो."

"म्हनून म्हनत न्हाई."

अंगणातल्या डबक्यात एक एक थेंब पडत होता.

"मग मी बोलते. माझं तुझ्यावर प्रेम आहे, सत्यजीत. घरचे तुझे काय म्हणतील, माहीत आहे मला. तीन वर्षांनी तू कुणाचा असशील, तेही माहीत नाही. पण हे कोंडून घेऊन जायचं नाही मला. फुटेल."

त्यानं फक्त मान हलवली. सावकाश... पट्टी हलवावी तशी. "मला तर त्या पट्टीपाशीच कळलं व्हतं," तो म्हणाला. "दव धरलं तिथपर्यंत."

ती रडता रडता हसली. मग उघड्या दारातून आत, खुंटीकडं बघत म्हणाली, "पप्पांचं आख्यान अर्धंच राहिलं रे. योना पोटातच राहिला."

"पोटात हाय म्हंजी जिता हाय," सत्यजीत म्हणाला.

गाडी नगर रस्त्याला लागेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. बाही भिजत होती. काच तिनं वर केली नाही.

बीजं तिकडं पोचली. काही वितळवल्यावर जगली, काही नाही, बाकीची अजून थंडीत वाट बघताहेत. कृपाचा फोन येतो, कधी बरेच दिवस येत नाही. सर्जेरावांनी दोन स्थळं आणली, सत्यजीतनं दोन्हीला नकार दिला. त्यावर बाप-लेक बोलत नाहीत. पण रविवारी संध्याकाळी तो शिरूरला जातो, न चुकता. बुवा ओठ हलवतात, सत्यजीत त्या ओठांकडं बघून पखवाज वाजवतो. गलबत निघतं, वादळ होतं, मासा येतो, योनाला गिळतो. तिथं दोघंही थांबतात. पुढची कथा सांगायला लेक यायची आहे, असं बुवा खुणेनं सांगतात. हार खुंटीलाच आहे. त्याचा आता नुसता दोरा आणि थोडा काळा चुरा उरला आहे, तरी कुणी काढत नाही.

तर आता उठाल, घरी जाल, दिवा लावाल. ज्याची भक्ती असेल त्याच्यापुढं हात जोडाल. आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, एवढं एक मागणं आहे माझं, केंदूरच्या सत्यजीतचंही नाव घ्या. त्याच्या ओम्नीच्या काचा उघड्या असतात आणि शेजारच्या सीटवर पाऊस पडत असतो. त्याला विसरू नका.